विद्येचें दार आणि विद्यार्थी

कोल्हापुराहून रत्नागिरीकडे निघालेला प्रवासी आंबा घाट लागण्यापूर्वीं मलकापुरावरून जातो. शाहूवाडी तालुक्यांतील हें गांव कोल्हापुरापासून सुमारें ४५ किलोमीटरांवर आहे. १८४४ च्या बंडानंतर विशाळगडाची तटबंदी पाडण्यांत आली आणि विशाळगडकर प्रतिनिधींचें ठाणें मलकापुरास आलें. तेव्हांपासून या डोंगरी मुलखाच्या व्यवहाराचें हें एक केंद्र बनलें. आज मोटारीनें दीड तासाच्या आंतबाहेर कोल्हापूर गांठतां येतें. परंतु सव्वाशें वर्षांपूर्वीं येथील एखाद्या कुणब्याच्या मुलानें कॉलेजांत शिकावयाचें मनांत आणिलें असतें, तर हेंच अंतर त्याला केवढें वाटलें असतें, याचा विचार केल्याशिवाय आमच्या इकडील उच्च शिक्षणाचा इतिहास नीट समजावयाचा नाहीं.

कोल्हापुरांत राजाराम कॉलेजचे वर्ग १८८० सालीं सुरू झाले. कुणब्याच्या मुलानें येऊं नये असा कांहीं त्या कॉलेजचा नियम नव्हता. तथापि खेड्यांतून आलेल्या मुलानें शहरांत राहावें कोठें आणि जेवावें कोणाकडे, हा प्रश्न नियमांच्या पुस्तकांत कधींच नसतो. ब्राह्मण विद्यार्थ्यास माधुकरीची किंवा वारांची सोय असे. जातभाईंचीं घरें पेठापेठांतून असत. इतर जातींच्या मुलास यांपैकीं कांहींच नसे. १८९४ सालीं अधिकारावर आलेल्या शाहू महाराजांनीं प्रथम सर्व जातींकरितां एकच वसतिगृह काढून पाहिलें; पण थोड्याच वर्षांत तेथें प्रायः ब्राह्मण विद्यार्थीच उरले. मॅट्रिक झालेल्या पांडुरंग चिमणाजी पाटील या मराठा विद्यार्थ्याची राहण्याजेवण्याची अडचण महाराजांच्या कानीं गेली आणि तींतून निराळ्या वसतिगृहाची कल्पना पुढें आली, असें सांगतात. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें; त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाचीं वसतिगृहें उभीं राहिलीं. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणूं लागले तें यामुळें.

या वसतिगृहांचें श्रेय महाराजांस दिलें जातें व तें यथायोग्यच आहे. मात्र त्या श्रेयाबरोबर एका गोष्टीची नोंद आम्हांस आवश्यक वाटते. दार कोठें अडलें आहे हें राजास आपोआप कळत नाहीं. ज्याचें डोकें चौकटीस आपटतें, त्यालाच चौकट किती ठेंगणी आहे तें ठाऊक असतें. म्हणून शिक्षणाच्या खुलेपणाच्या इतिहासांत देणाऱ्याइतकाच अडणारा विद्यार्थीही महत्त्वाचा ठरतो. तो केवळ लाभार्थी राहत नाहीं, साक्षीदार होतो. आणि प्रसंगीं बंडखोरही होतो.

असा प्रसंग १९०८ सालीं आला. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं कोल्हापुरांत मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालें. कुंभोजचा भाऊराव पायगोंडा पाटील हा विद्यार्थी त्या वेळीं जैन वसतिगृहांत राहून शिकत होता. तो त्या समारंभास गेला. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावें असें त्यास सांगण्यांत आलें. त्यानें तें नाकारलें, आणि त्यास वसतिगृह सोडावें लागलें. प्रसंग दिसावयास लहान आहे. सभा नाहीं, मोर्चा नाहीं. एका मुलानें अंघोळ करण्याचें नाकारलें इतकेंच. परंतु त्या नकारानें एक मोठी उणीव उघडी पडली. जातवार वसतिगृहांनीं दार उघडलें खरें, पण प्रत्येकास निरनिराळें दार दिलें. आणि एका दारांतून दुसऱ्यांत जाणाऱ्यास प्रायश्चित्त सांगितलें. वसतिगृह निघालें नसतें तर कित्येक मुलें शिकलींच नसतीं, हें जितकें खरें, तितकेंच त्या वसतिगृहाच्या भिंती जातीच्या होत्या हेंही खरें. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षांत ठेवल्या पाहिजेत. एकीसाठीं दुसरी पुसणें इतिहासास शोभत नाहीं.

पुढें संस्थानाची धोरणेंही याच दिशेनें सरकलीं. १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें. १९१९ सालीं अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांबरोबर सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम निघाला. त्याच १९१९ सालीं भाऊरावांनीं कराड तालुक्यांतील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं त्यांनीं साताऱ्यास जें वसतिगृह काढलें त्यांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसत. १९२७ मध्यें महात्मा गांधींनीं तेथें येऊन त्या वसतिगृहास छत्रपति शाहूंचें नांव दिलें. ज्या विद्यार्थ्यास एका बोर्डिंगांतून बाहेर पडावें लागलें, त्यानेंच सोळा वर्षांनीं असें बोर्डिंग उभारलें कीं ज्यांतून त्या कारणास्तव कोणासही बाहेर पडावें लागूं नये.

यानंतर फीचा प्रश्न राहिला. १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें आणि तेथें ‘कमवा आणि शिका’ ही पद्धति उच्च शिक्षणांत आली. शेतांत, बागेंत, बांधकामावर श्रम करावे आणि त्या श्रमांवर पदवी मिळवावी, अशी ती योजना होती. दान घेणाऱ्याची मान खालीं असते; श्रम करणाऱ्याची तशी नसते. या योजनेचें मर्म आमच्या मतें येथेंच आहे. १९५४ ते १९५७ या काळांत त्या कॉलेजांत प्राध्यापक असलेले एन. डी. पाटील या योजनेचे प्रमुख होते. २०२२ सालीं ते कोल्हापुरांत वारले. आज मलकापुरानजीक पेरीड येथें त्यांच्याच नांवाचें महाविद्यालय आहे. सव्वाशें वर्षांपूर्वीं ज्या मुलानें ४५ किलोमीटर तुडवून कोल्हापूर गांठावें लागलें असतें, त्याच्या पणतवंडांच्या उंबरठ्याशीं कॉलेज आलें. १९६२ सालीं कोल्हापुरांत शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें. तेव्हां अंतर मिटलें, वसतीची सोय झाली, श्रम करून शिकण्याची वाट निघाली. मग दार उघडलें असें म्हणावयास हरकत काय?

हरकत आहे, व ती ग्रंथांची आहे. विद्यार्थी वर्गांत आला, परंतु ज्या ग्रंथांवर व निबंधांवर त्याची विद्या उभी राहावयाची, ते कोठें आहेत? या बाबतींत कोल्हापूर मागें नव्हतें. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचें. आणि सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा हिंदुस्थानांत प्रथम केला तो १९४५ सालीं कोल्हापूर संस्थानानेंच. वाचन हा प्रजेचा हक्क आहे असें त्या कायद्यानें मानलें. परंतु गेल्या कांहीं दशकांत उच्च विद्येचा मोठा भाग छापील ग्रंथांतून निघून परदेशीं प्रकाशकांच्या नियतकालिकांत गेला आहे, आणि तीं नियतकालिकें संगणकावर वाचावयाचीं तर जबर वर्गणी भरावी लागते. एकेका लेखाचें मूल्य खेड्यांतील कुटुंबाच्या आठवड्याच्या बाजाराइतकें असतें. संशोधन बहुतेक लोकांच्या करांतून चालतें, लेखकास त्या लेखाबद्दल प्रायः कांहीं मिळत नाहीं, आणि वाचणाऱ्यास मात्र दाम मोजावा लागतो. या विपरीत व्यवहाराविरुद्ध २००२ सालीं बुडापेस्ट येथून विद्वानांनीं एक जाहीरनामा काढला आणि संशोधनलेख सर्वांस विनामूल्य खुले असावे अशी मागणी केली. पुढें अमेरिकेंतील विद्यार्थ्यांच्या संघटनांनीं २००९ सालीं याच मागणीसाठीं एकजूट केली.

आपल्या देशांत हा लढा एका झेरॉक्सच्या दुकानावरून पेटला. दिल्ली विद्यापीठांतील अर्थशास्त्रशाळेच्या आवारांत रामेश्वरी नांवाचें दुकान आहे. प्राध्यापकांनीं नेमून दिलेलीं निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणें एकत्र करून तें विद्यार्थ्यांस स्वस्तांत देत असे. २०१२ सालीं ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनीं दुकानावर व विद्यापीठावर दावा लाविला. तेव्हां विद्यार्थ्यांनीं ज्ञानाच्या समान उपलब्धतेसाठीं स्वतःची एक संघटना काढली आणि आम्हांसही प्रतिवादी करा, असा अर्ज न्यायालयास केला. खटला दुकानावर होता, पण झळ आपल्यास लागणार हें त्यांनीं ओळखलें. ज्यांच्या ग्रंथांवरून वाद होता त्यांपैकीं कित्येक लेखकांनींही दाव्याविरुद्ध सह्या केल्या.

प्रकाशकांच्या बाजूसही वजन होतें, हें येथें मान्य केलें पाहिजे. ग्रंथ तयार करण्यास खर्च येतो. सर्वच नक्कल करूं लागले तर पुढचा ग्रंथ काढावा कोणी? ज्या घरांत कोणी लेखणीवर पोट भरीत असेल तेथें हा प्रश्न पोकळ वाटणार नाहीं. परंतु १९५७ च्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यांतच शिक्षकानें किंवा विद्यार्थ्यानें अध्यापनाच्या ओघांत केलेल्या प्रतीस सूट आहे. सप्टेंबर २०१६ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं दावा फेटाळला आणि ग्रंथस्वामित्व हा कांहीं ईश्वरदत्त हक्क नव्हे असा अभिप्राय दिला. डिसेंबरांत दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानें सुटीचें तत्त्व कायम ठेविलें, मात्र घेतलेला मजकूर अध्यापनास आवश्यक होता कीं नाहीं एवढा मुद्दा चौकशीसाठीं खालीं धाडिला. मार्च २०१७ मध्यें प्रकाशकांनीं दावाच काढून घेतला.

सरकारनेंही नंतर पाऊल उचललें. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारें १३,००० नियतकालिकें आणि ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा आवांका आहे. योजना मोठी आहे आणि तिचें स्वागत केलें पाहिजे. तरी ती मंजूर झाली ती सरकारी संस्थांकरितां, हें ध्यानांत घ्यावें. खाजगी संस्थेच्या कॉलेजांतील विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, शिक्षण संपवून गांवीं परतलेला पदवीधर यांस तिचा आधार नाहीं. वर्गणी कितीही मोठी असली तरी ती दार भाड्यानें घेणें होय. दार उघडणें निराळें. याच्या उलट ‘शोधगंगा’ पाहावी. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या २००९ च्या नियमांनीं पीएच. डी. चे प्रबंध संगणकीय रूपांत देणें आवश्यक केलें, आणि ते तेथें कोणासही फुकट वाचतां येतात. मलकापुरांतील मुलगी घरीं बसून शिवाजी विद्यापीठाचा प्रबंध उघडूं शकते. तिला कोणत्या संस्थेची म्हणून कोणी विचारीत नाहीं.

हा सर्व इतिहास एकत्र पाहतां आम्हांस एक क्रम दिसतो. प्रथम वसतीची अडचण होती, मग जातीची, मग फीची, आणि आतां ग्रंथाची आहे. प्रत्येक वेळीं दार उघडेंच आहे असें आंतील मंडळींस प्रामाणिकपणें वाटत होतें, आणि प्रत्येक वेळीं बाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यानेंच ती समजूत खोटी ठरविली. म्हणून आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी कॉलेजांतून येऊन, अमका लेख मिळत नाहीं, तमकें पुस्तक परवडत नाहीं अशी कुरकुर करील, तेव्हां ती आळशी मुलाची सबब म्हणून वडील माणसांनीं उडवून लावूं नये. १९०८ सालीं अंघोळ करावयास नकार देणाऱ्या मुलासही त्याच्या वडीलधाऱ्यांनीं हट्टीच म्हटलें असेल. त्याच्या हट्टांतून जीं वसतिगृहें व कॉलेजें निघालीं, त्यांत आपल्यापैकीं कित्येकांचे वडील शिकले आहेत.