जातं, आड आणि सातबारा: शंभर वर्षांचा हिशोब

राजांचा आणि लढायांचा इतिहास पुस्तकात सापडतो. चुलीचा, आडाचा, जात्याचा इतिहास मात्र कुणी फारसा लिहून ठेवत नाही. गेल्या शंभर वर्षांत आपल्या हिंगोली भागातल्या बाईचा दिवस कसा बदलला, ते आज सांगणार आहोत. यातलं काही आम्ही वाचलेलं आहे आणि बरंचसं गटातल्या थोरल्या बायांकडून ऐकलेलं.

शंभर वर्षांपूर्वी हिंगोली जिल्हा नव्हता. आपला मुलूख परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कचेरीची भाषा उर्दू आणि बाजारात हाली शिक्क्याचा रुपया. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला आणि 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नकाशा इतक्या वेळा बदलला, पण बाईच्या दिवसाला त्यानं लगेच फरक पडला नाही.

तो दिवस कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर सुरू व्हायचा. सासू-सून नाहीतर जावा-जावा समोरासमोर बसून ज्वारी दळायच्या. माहेरची आठवण, सासरचा जाच, विठ्ठल, सगळं ओवीत यायचं, कारण मन मोकळं करायला दुसरी जागा नव्हती. मग आडावर पाणी शेंदायचं. दलित वस्तीतल्या बायांना तर गावच्या आडाला हातही लावता येत नसे. कुणी वरून पाणी वाढील तोवर घागर घेऊन ताटकळत उभं राहायचं. त्यानंतर शेण-गोवऱ्या, चूल, भाकरी आणि शेत. रात्री चिमणीच्या उजेडात निवडण-टिपण. बाळंतपण घरात, सुईणीच्या हातानं.

पुढे पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर अशी धरणं झाली. कालव्याच्या पाण्यावर वसमतकडं ऊस आणि हळद वाढली. हातपंप, वीज, नळ आणि गॅस एकेक करून आले, सगळीकडे एकदम आणि सारखे आले नाहीत.

मग बाईला वेळ मिळाला का? इथं जरा लांबचं उदाहरण घेऊ. अमेरिकेतही शंभर वर्षांपूर्वी शेतकरी बाई पाणी वाहायची, लाकडाची चूल पेटवायची, हातानं धुणं धुवायची. 1935 च्या आसपास तिथल्या दहा शेतकरी घरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. पुढे वीज, नळ, धुण्याचं यंत्र सगळं आलं. रूथ श्वार्ट्झ कोवान नावाच्या इतिहासकार बाईंनी 1983 मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की यंत्रांमुळं अंगमेहनत कमी झाली, पण बाईच्या कामाचे तास काही तेवढे कमी झाले नाहीत. लाकूड फोडायचं, पाणी आणायचं ही पुरुषांची आणि पोरांची कामं सुटली. बाईची मात्र वाढली, कारण धुणं सोपं झालं तसे कपडे जास्त वेळा धुवायची रीत पडली.

आपल्याकडं वेगळं काय झालं? जात्यावरून वाचलेला वेळ खुरपणीला गेला, मजुरीला गेला. घरच्या ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. पैसा आला, पण कडबा गेला, कणगीतलं धान्य गेलं आणि बियाणं राखायचं बाईचं कसबही मागं पडलं. आता बियाणं दुकानातून येतं आणि त्याची पावती बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर फाटते.

म्हणून आम्हाला वाटतं, बदल मोजायचा तर यंत्रं मोजून भागणार नाही. कागदावर बाईचं नाव कुठं कुठं आलं, ते मोजावं लागेल.

1951-52 ला देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतल्या सुमारे 28 लाख बायांची नावं मतदारयादीतून गळाली. का? तर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं. नाव नाही म्हणून मत नाही.

मग 1972 चा दुष्काळ. मराठवाड्यातल्या बायांनी खडी फोडली, माती वाहिली, पाझर तलाव बांधले, तांबड्या मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. वाईट दिवस होते, पण त्या हजेरीपटावर कित्येक बायांचं स्वतःचं नाव चढलं. पुढे 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. ग्रामपंचायतीत आधी एक तृतीयांश आणि 2011 ला निम्म्या जागा बायांसाठी राखीव झाल्या. 1992 पासून बचत गट बँकेशी जोडले जाऊ लागले आणि पासबुकावर आपलं नाव आलं.

राहिला तो सातबारा. शेतातलं बरंचसं काम बाई करते आणि उताऱ्यावर नाव बहुतेक घरांत पुरुषाचं. शेतकरी संघटनेनं 1986 ला चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. 1992 ला सरकारनंही तशी सोय केली. नवऱ्यानं स्वतः अर्ज दिला, तर त्याच्या जमिनीच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लागू शकतं. लेकीला वडिलोपार्जित जमिनीत लेकाइतका वाटा महाराष्ट्रात 1994 ला आणि देशभर 2005 ला मिळाला. 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानं आहे, 2005 ला वडील हयात असोत वा नसोत. हा कायदा हिंदूंप्रमाणे बौद्ध आणि जैन भगिनींनाही लागू आहे. मुस्लिम भगिनींचा वाटा त्यांच्या कायद्यात वेगळा ठरलेला आहे.

कायदा आहे, पण उताऱ्यावर नाव आपोआप चढत नाही. भावानं 'हक्कसोड कर' म्हटलं की माहेर तुटेल या धाकानं आपण सही करतो. धनी अचानक गेला की मागं राहिलेली बाई कर्जासाठी, विम्यासाठी, अनुदानासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवते. शेत तिनंच कसलेलं असतं, पण कागद तिला ओळखत नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला हप्त्याच्या पैशांबरोबर दोन कागद आणा, शेताचा सातबारा आणि घराचा नमुना आठ. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारची वाचून दाखवील. किती कागदांवर आपलं नाव आहे, ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. ज्यांचं नाही, त्यांनी घरात गोडीनं विषय काढा आणि तलाठ्याकडं अर्ज कसा करायचा ते गट मिळून विचारा. हक्कसोडीच्या कागदावर सही करण्याआधी गटात एकदा बोला. शंभर वर्षांचा हिशोब त्या वहीत आपणच मांडू.