बेटांची मालकी आणि खोकडांचा वंश

उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत वावरणारे करडे खोकड श्वानकुलातील असूनही वाकड्या नखांच्या आधाराने सहज झाडावर चढते, उंदीर-सशांइतक्याच आवडीने फळे व कीटक खाते आणि बहुधा रात्रीच संचार करते. परंतु त्याच्या वंशाची खरी बखर लिहावयाची झाल्यास ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील चॅनेल बेटांचीच लिहावी लागेल. हजारो वर्षांपूर्वी मुख्य भूमीवरून तेथे पोहोचलेल्या, आणि दक्षिणेकडील बेटांवर बहुधा आदिवासींच्या होड्यांतून नेल्या गेलेल्या खोकडांची संतती पिढ्यानुपिढ्या लहान होत मांजराएवढी झाली, आणि आठांपैकी सहा बेटांवर तिच्या सहा स्वतंत्र उपजाती निर्माण झाल्या. मोठा भक्षक नसल्यामुळे ती दिवसाउजेडीही निर्धास्त हिंडे.

पुढे या भूमीस धनी लाभले. मेक्सिकोच्या अमलात, १८३९ साली, सांताक्रूझ बेट अँद्रेस कास्तिलेरो यास इनाम मिळाले; त्या शतकात तेथे मेंढ्या, गुरे व डुकरे आणली गेली, आणि मोकाट सुटलेल्या डुकरांची रानात बेसुमार वाढ झाली. तरीही खोकडांचा घात झाला तो अगदी आडवाटेने. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या एका कारखान्यातून समुद्रात गेलेल्या डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन बेटांवरील पांढऱ्या डोक्याचा मत्स्यभोजी गरुड नामशेष झाला. आपल्या हद्दीत परक्यास थारा न देणारा हा पहारेकरी गेल्यावर १९९० नंतरच्या दशकात डुकरांच्या पिलांच्या लोभाने सोनेरी गरुडाने तेथे ठाण मांडले, आणि त्याला खोकड हे आयतेच भक्ष्य सापडले. सान मिगेल व सांता रोसा या बेटांवर प्रत्येकी अवघी पंधरा खोकडे उरली.

१९८० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी व सहकारी संस्थांनी मग हा गुंता एकेक पदर सोडवीत उलगडला: उरलेल्या खोकडांची बंदिस्त जागेत पैदास केली, सोनेरी गरुड पकडून मुख्य भूमीवर नेले, सांताक्रूझवरील डुकरांचे निर्मूलन केले आणि मत्स्यभोजी गरुड पुन्हा वसविले. २००४ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीत गेलेल्या चार उपजातींपैकी तीन २०१६ मध्ये तीतून वगळल्या गेल्या. देखरेख मात्र सुटलेली नाही. दरवर्षी काही खोकडे धरून त्यांना रोगप्रतिबंधक लस टोचली जाते, कारण ज्या भूमीची घडी मनुष्याने एकदा विसकटली, तिच्या कारभारातून त्यास सहजासहजी फारकत घेता येत नाही.