कुर्डुवाडीचे हमाल आणि लग्नाची कॅसेट

व्हिडिओ एडिटिंगच्या इतिहासात रेल्वे कुठून आली, असं वाटेल. पण आम्हा लातूरकरांना तो संबंध सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जरा धीर धरा.

१९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. तिचे रूळ अडीच फुटी, आणि कुर्डुवाडीला जी मुख्य लाइन भेटायची तिचे साडेपाच फुटी. पोतं तेच, डाळ तीच, जायचं मुंबईलाच. पण डबा पुढे जाणार नाही. मग हमालांनी सगळा माल या गाडीतून काढून त्या गाडीत भरायचा. नांदेडकरांनी हसू नये, त्यांच्या मीटरगेजचा हाच खेळ मनमाडला चालायचा! लातूरची नॅरोगेज जाऊन ब्रॉडगेज यायला २००७-०८ उजाडलं.

आता व्हिडिओ. अ‍ॅपलनं १९९१ मध्ये क्विकटाइम आणलं, मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये एव्हीआय. म्हणजे दोन गेज पहिल्याच दिवसापासून. १९९५ मध्ये डीव्ही कॅसेट आली तेव्हा वाटलं, भांडण मिटलं. कॅमेरा कोणाचाही असो, आत तेच: सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६. फायरवायरची केबल लावा आणि उतरवून घ्या.

गंमत उतरवल्यावर सुरू व्हायची. माझ्या मामांचा लातूरला लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता. त्यांच्याकडे कॅनोपसचं कार्ड होतं. ते कार्ड फाइलच्या डोक्यावर चार अक्षरं लिहायचं, सीडीव्हीसी. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत तिथे डीव्हीएसडी असायचं. आतला विदा तोच, तरी नांदेडच्या मित्राच्या पीसीवर फाइल उघडायची नाही. ती चार अक्षरं बदलली की लग्गेच उघडायची! चार अक्षरांसाठी वऱ्हाड दारात उभं.

त्यात डिस्कची भानगड. डीव्हीचा एक तास म्हणजे साधारण १३ जीबी आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. म्हणजे जेमतेम १९ मिनिटं. मंगलाष्टका एका फाइलीत, सप्तपदी दुसरीत :) एनटीएफएस केलं तर मॅक वाचणार, पण लिहिणार नाही. मॅकची डिस्क तर विंडोज ओळखतच नसे. दोन्हीकडे चालावं असं एक्सफॅट आलं २००६ मध्ये. तोवर मामांचा उपाय एकच: तयार झालेलं सगळं परत कॅसेटवर उतरवायचं आणि एसटीनं नांदेडला धाडायचं. हमालीच की ही.

पण फुटेज असं कसंतरी पोचतं. पोचत नाही ते एडिटिंग. कुठे कापलं, काय जोडलं, हे प्रोजेक्ट फाइलमध्ये असतं आणि ती फाइल एकाच प्रोग्रॅमची भाषा बोलते. २०११ मध्ये आलेल्या फायनल कट प्रो टेनला तर स्वतःच्याच आदल्या आवृत्तीचे प्रोजेक्ट उघडता येईनात! त्यामानानं सीएमएक्सच्या काळातली ईडीएल यादी बघा. साधा मजकूर: कुठली कॅसेट, कुठून कुठपर्यंत. नोटपॅडमध्येसुद्धा वाचता येते, म्हणून आजही तिचा उपयोग होतो.

आता हे सगळं का उकरतोय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्याआधी त्या भागातल्या काही लग्नांचं शूटिंग मामांनी व्हीएचएसवर केलं होतं. २००४ च्या सुमारास त्यांनी ते त्या कार्डावरून कॉम्प्युटरवर घेतलं. गिऱ्हाइकाला दिलेल्या कॅसेटमध्ये हार, अक्षता आणि बदामाच्या आकाराचे इफेक्ट. मामांनी नको म्हणून काढलेल्या भागात मात्र दगडी भिंतींची गल्ली, वाड्याचं दार, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं.

मागच्या वर्षी तिकडच्या एक ताई मामांकडे आल्या. त्यांना लग्न बघायचंच नव्हतं. म्हणाल्या, "भाऊ, आमचं जुनं घर दिसतंय का कुठं?" मामांचा जुना प्रोजेक्ट आता कशातच उघडत नाही. पण कच्च्या फाइली शाबूत होत्या आणि आजचे फुकट प्लेअर ती चार अक्षरं न कुरकुरता वाचतात. घर दिसलं. अकरा सेकंद.

तेव्हा मंडळी, या विकांताला एवढं करा. घरातल्या कॅसेटी उतरवा, आणि कापाकापी करण्याआधी अख्खं फुटेज जसंच्या तसं दोन डिस्कांवर ठेवा. प्रोजेक्ट फाइलच्या भरवशावर राहू नका. सोबत साध्या मजकुराची एक फाइल: गाव, साल, कोण कोण दिसतंय. नावं ओळखणारी माणसं अजून आहेत, तोवर त्यांना शेजारी बसवून लिहून घ्या.