हाजिर जनाब, हजर गुरुजी, येस सर

मीटर गेजची छोटी गाडी धापा टाकत जालन्याला थांबते. तुम्ही फलाटावर पाय ठेवता तेव्हा तुमचं वय दहा वर्षांचं झालेलं असतं. खिशात हाली पैसे, डोक्यावर थोरल्या भावाची रूमी टोपी, जरा मोठीच, कानावर उतरणारी. कुणाला तारीख विचारलीत तर 1355 फसली, महिना आजूर, असं उत्तर मिळेल. मुंबईच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ऑक्टोबर 1945 चालू आहे. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद, आणि दोन्हीकडे झेंडूचे ढीग. उद्या दसरा आहे.

पण आज मदरसा आहे. हो, मदरसाच. निजामाच्या मुलखात सरकारी शाळेला मराठी माणूससुद्धा हाच शब्द वापरतो. तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशा पायऱ्या चढत जायचं, आणि जसजसं वर चढाल तसतशी मराठी पायाखालून सरकत जाते. खालच्या वर्गांत ती थोडीफार चालते. पुढे इतिहास, भूगोल, हिशेब सगळं उर्दूत. हैदराबादला 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. देशी भाषेत विज्ञान आणि कायदा शिकवायचा हे धाडस त्या काळात मोठंच होतं, त्याचं कौतुक करायलाच हवं. फक्त ती देशी भाषा तुमच्या घरातली नव्हती. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. सकाळी रांगेत उभं राहून हुजुरांच्या दीर्घायुष्याची प्रार्थना म्हणायची आणि मग जमातीत, म्हणजे वर्गात, जाऊन बसायचं.

मौलवीसाब हजेरी घेतात. तुमचं नाव येतं. "हाजिर जनाब." एवढं जमतं, कारण ते पाठ आहे.

मग भूगोल. गोदावरी कुठे उगम पावते, असं ते उर्दूत विचारतात. तुम्हाला उत्तर येतं. आजी त्र्यंबकेश्वराला जाऊन आलीय, तिथला डोंगर तिने इतक्या वेळा सांगितलाय की तो तुम्ही जणू पाहिलाय. पण उत्तर घशात येतं ते मराठीत, आणि उर्दूतलं वाक्य कुठून सुरू करायचं ते काही केल्या सुचत नाही. मागच्या बाकावर खुसखुस. तुमचे कान लाल होतात. मौलवीसाब छडी उचलतात, दाराकडे बघतात, व्हरांड्यात कुणी नाही याची खात्री करतात आणि हळूच म्हणतात, "मराठी में बोलो, बेटा." तुम्ही बोलता. ते तुमचंच उत्तर उर्दूत, एकेक शब्द सुटा करून सांगतात आणि तुमच्याकडून म्हणवून घेतात. छडी पुन्हा टेबलावर. तपासणीला साहेब आला असता तर या प्रकाराला त्याने काय म्हटलं असतं कोण जाणे.

दसऱ्याचं पाटीपूजन मदरशात होत नाही. ते मराठीच्या गुरुजींच्या ओसरीवर. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर एकड्यांची सरस्वती. ती काढण्यातही दोन तट असतात: एका रेघेत एकडे ओढणारे, आणि प्रत्येक एकड्याला जीभ बाहेर काढून तोलणारे. तुमची सरस्वती डावीकडे कललीय. गुरुजी ती पुसू देत नाहीत, तिच्यावरच हळदकुंकू वाहतात. घटातलं कोवळं धान खुडून जो तो टोपीत खोवतो. पिवळट हिरवे कोंब आणि शेजारी रूमी टोपीचा काळा गोंडा. हे दृश्य मुंबई-पुण्याच्या दसऱ्यात तुम्हाला दिसणार नाही. संध्याकाळी तुम्ही आपट्याची पानं घेऊन मौलवीसाबांच्या घरी जाता. कुणी पाठवलेलं नाही. ते पान दोन्ही हातांनी घेतात, "जीते रहो" म्हणतात, आणि आतून तुमच्या हातावर खजूर येतो.

निघताना ओसरीकडे पुन्हा बघा. गावकुसाबाहेरचं एकही पोर त्या ओळीत नाही. मराठीवर अन्याय होतो म्हणून हळहळणाऱ्या गुरुजींच्या ध्यानातही ते येत नाही. ही मुलं शोधायची तर अजून मागे जावं लागेल.

जालन्याजवळच, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गावाचं नाव बेथेल. 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मणाने स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनतर्फे ही वसाहत उभी केली आहे. नाताळची सकाळ आहे, थंडी मी म्हणतेय. ज्यांच्या आजोबांना अक्षर बघण्याचीही मुभा नव्हती ती पोरं मोठ्याने मराठी वाचतायत. धर्मांतराबद्दल तुमचं मत काहीही असो, थोडा वेळ इथे उभे राहा. पाटी त्यांच्या हाती आली ती दसऱ्याला नव्हे, नाताळाला, एवढी नोंद ठेवा आणि चला. नारायण शेषाद्री 1891 मध्ये वारले. आपल्याला 1949 गाठायचंय.

जानेवारी. संक्रांत होऊन दोन-चार दिवस झालेत, म्हणजे तिळगूळ अजून चालतो, रथसप्तमीपर्यंत चालायचाच. तुम्ही तेरा वर्षांचे आहात आणि बसलायत त्याच इमारतीत. निजामाच्या प्रार्थनेची जागा रिकामी झालीय. हजेरीला काही मुलं "हजर, गुरुजी" म्हणतात आणि काहींच्या तोंडून सवयीने "हाजिर" निघतं, मग ती जीभ चावतात.

मधल्या काळात काय काय झालं ते या वर्गात कुणी बोलत नाही, पण ते प्रत्येक बाकावर बसलेलं आहे. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या भीतीने तुमच्या घरच्यांनी रातोरात गाडी जुंपली आणि सरहद्द ओलांडून बुलढाण्याच्या बाजूला आसरा घेतला. शाळेचं एक वर्ष गेलं. 13 सप्टेंबर 1948 ला हिंदी फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, पुढच्या दोन-तीन दिवसांत त्या जालन्यात होत्या, आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. तुम्ही परत आलात, पेढे वाटलेत. नंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातल्या कितीतरी मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगवला गेला, त्याचे पेढे कुणी वाटले नाहीत. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती सरकारच्या सांगण्यावरून नुकतीच या राज्यात फिरून गेलीय. तिचा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे येणार नाही. तुमच्या शेजारी बसलेल्या मुलाचा मोठा भाऊ कुठे आहे, हे तुम्ही त्याला विचारलेलं नाही. तुमचं वर्ष का गेलं, हे त्यानेही विचारलेलं नाही.

आज मराठीचा तास आहे. गुरुजी तेच, ओसरीवाले. त्यांच्या पिशवीत साने गुरुजींच्या 'साधना'चे अंक असतात. हे साप्ताहिक निघून अजून वर्षही झालेलं नाही. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले होते, तेव्हापासून आमचे गुरुजी जरा बदललेत. यंदा वर्गात पहिल्या बाकावर दोन नवी मुलं आहेत. ती कुठल्या वस्तीतली आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि गुरुजींनी त्यांना तिथे स्वतः नेऊन बसवलंय.

डबा फिरतो. प्रत्येकाने शेजाऱ्याला तिळगूळ द्यायचा आणि ते वाक्य म्हणायचं. तुमचा शेजारी उभा राहतो. मराठी तो आता कुठे शिकतोय. वडी पुढे करून तो म्हणतो, "तिलगूल घ्या, गोड बोला."

वर्गात हसू फुटतं. तीन वर्षांपूर्वी तुमच्या पाठीमागे झाली होती तीच खुसखुस, आता दामदुप्पट आणि निर्धास्त. कुणीतरी "तिलगूल, तिलगूल" असा ताल धरतं. खरं सांगायचं तर तुम्हीही हसताय. हातात त्याची वडी आहे आणि तुम्ही हसताय.

गुरुजी रागावत नाहीत. फळ्यावर खडूने "कलम" लिहितात आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या एका माणसाला हाक मारतात. मौलवीसाब! नोकरी टिकवायची तर मराठी यायला हवी, म्हणून ते आठवड्यातून काही तास इथे येऊन बसतात, मांडीवर पाटी, पाटीवर बाराखडी. गुरुजी म्हणतात, "मौलवीसाब, हा शब्द जरा म्हणून दाखवा." मौलवीसाब म्हणतात. त्यांचा क घशाच्या तळातून येतो, विहिरीत खडा पडावा तसा. "आता तुम्ही म्हणा." सगळा वर्ग म्हणतो. सपाट, आपला रोजचा क. "नाही जमला. पुन्हा." पुन्हा नाही. एकेकाला उभं करतात. ताल धरणारा पोरगा तिसऱ्या खेपेला खोकतो. तुमची पाळी येते तेव्हा मौलवीसाब दाराकडे बघत नाहीत, घाबरण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. ते फक्त स्वतःच्या गळ्याला दोन बोटं लावून जागा दाखवतात, इथून. तुमचाही येत नाही. तुमचा शेजारी खाली मान घालून हसतोय. या खोलीत तो हसताना तुम्ही पहिल्यांदाच बघताय.

"झालं? आता ळ," गुरुजी म्हणतात. "जीभ टाळूला उलटी लावायची. कलमवाले सगळे यांना मदत करतील." त्या तासाला व्याकरण होत नाही. मौलवीसाबांचा ळ त्या दिवशी काही सुधारत नाही. वडी मात्र तुम्ही खाता.

गुरुजींनी त्या दिवशी द्वेष करू नका, प्रेमाने राहा, असं एक वाक्यही उच्चारलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. अशी वाक्यं फळ्यावर रोज सुविचार म्हणून लिहिली जातात आणि मधल्या सुट्टीपर्यंत पुसली जातात. ज्याची भाषा राज्य करते त्याला निदान पाच मिनिटं तरी अडखळायला लावणं, ही तालीम वेगळी.

आता एकदम पुढे या. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, 1 मे 1981 ला जालन्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. गाडी रुंद रुळांवर धावू लागली. यंदाची दिवाळी आठवड्यावर आहे. मंठ्याकडच्या एका बंजारा तांड्यालगतची जिल्हा परिषदेची शाळा, आणि या खेपेला तुम्ही बाकावर नाही. खडू तुमच्या हातात आहे.

"येस सर." "येस सर." "येस सर." हजेरी संपते. तुम्ही फळ्यावर लिहिता: माझा आवडता सण.

वह्या गोळा करा आणि वाचा. पस्तीस वह्यांत एकच दिवाळी. पहाटे आई उठवते, सुगंधी उटणं लावते, बाबा नवे कपडे आणतात, अंगणात किल्ला. इथल्या किती अंगणांत किल्ला होतो? ही दिवाळी गाईडातली आहे, आणि गाईड लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुण्यातली गल्ली होती. आपल्या निबंधांनी पिढ्यान्‌पिढ्या हा एकच उद्योग केलाय: पोरांना दुसऱ्याच्या घरचा सण शुद्ध मराठीत स्वतःचा म्हणून लिहायला लावणं.

एक वही मात्र कोरी आहे. तांड्यावरची मुलगी. तुम्ही विचारता, का गं? ती म्हणते, "परवा टोळी निघणार सर. दिवाळी कारखान्यावरच." मुकादमाकडून उचल केव्हाच घेऊन झालीय. आईबाप मिळून एक कोयता. तो आता उन्हाळा लागेपर्यंत ऊस तोडणार. शिक्षण हमी कार्ड भरून तुम्ही तिच्या दप्तरात ठेवलंय. तिकडच्या शाळेत ते कुणी बघेल अशी आशा ठेवायची. हंगामी वसतिगृहात राहा म्हणून तुम्ही घरी जाऊन सांगून आलात, पण धाकटा भाऊ सांभाळायचा कुणी?

तुम्ही फळा पुसता. नवा विषय: शेजारच्याचा सण. ज्याने त्याने बाकावरच्या जोडीदाराला विचारायचं, त्याच्या घरी कुठला सण कसा होतो, आणि तो लिहायचा. जोडीदाराने वाचून बरोबर आहे म्हटलं तरच मार्क.

पाच मिनिटांत गोंगाट. "शीरखुर्म्यात भात नसतो रे!" "मग शेवया कशाच्या, गव्हाच्या?" "पोळ्याला तुमच्याकडे बैलच नाही तर काय करता?" "मातीचे." एकाने जोडीदाराच्या घरी काहीच होत नाही असं लिहिलंय, जोडीदार खवळलाय, कारण चौदा एप्रिलला त्यांच्याकडे जे होतं ते गावात कुणाकडेच होत नाही. तुम्ही गोंगाट थांबवत नाही. मुख्याध्यापक दारात डोकावतात, तुम्ही हात करता, ते जातात.

कोऱ्या वहीवालीचा जोडीदार पाटलाच्या आळीतला. त्याला तिने श्रावणातली तीज सांगायला घेतलीय: पोरींनी टोपल्यांत गहू पेरायचे, रोज पाणी घालायचं, गोकुळाष्टमीला शिरवायचे. दिवाळीच्या रात्री पोरी दिवे घेऊन घरोघर जातात तेही सांगते. तो भराभरा उतरवतोय. मग थांबतो.

"आणि घरोघर जाऊन म्हणता काय?"

"ते आमच्या गोरमाटी बोलीत असतं."

"मग कसं लिहू?"

"माझी आजी तांड्यावरच राहणार आहे. जा, तिला विचार. पण तिच्याशी मराठीत बोलशील तर ती अर्धंच ऐकते."

तो तुमच्याकडे बघतो. "सर, हिला सांगा ना."

तुम्ही त्याला विचारता, "टोळी कधी निघणार म्हणाली ती?"

"परवा."

"मग दोन दिवस आहेत. बस तिच्याकडे."

ती त्याची वही स्वतःकडे ओढते, पहिला शब्द म्हणते आणि त्याच्याकडून म्हणवून घेते. त्याचा उच्चार ऐकून पुढच्या बाकावरच्या तांड्याच्या तीन पोरी मागे वळून खो खो हसतात.