जीप, हिमनदी आणि अडतीस इंची टायर

जुन्या जीपला अवाढव्य टायर बसवलेले दिसले की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात: 'भारी!' किंवा 'शोबाजी!' हा धागा दोन्ही पक्षांसाठी आहे. मोठ्या टायरचा इतिहास शोधत गेलो तर तो थेट एका हिमनदीवर जाऊन पोचतो. तिथे हा टायर हौस म्हणून आलेला नाही. त्याच्या आधी आलेली चाकांची वाहने तिथे हरली होती. धागा लांब आहे. मधे थोडे अंकगणितही येईल.

सुरुवात आइसलंडपासून. १० मे १९४० रोजी ब्रिटिश फौजा या तटस्थ बेटावर उतरल्या आणि १९४१ च्या जुलैपासून अमेरिकन सैन्य त्यांची जागा घेऊ लागले. त्या वेळी देशाची लोकसंख्या होती एक लाख वीस हजारांच्या आसपास. रस्ते तुटपुंजे, नद्या बेभरवशाच्या आणि मधला सगळा प्रदेश निर्मनुष्य. सैन्याबरोबर आलेली विलीज जीप तिथल्या शेतकऱ्यांनी पाहिली आणि युद्ध संपता संपता ती मिळवण्यासाठी धडपड सुरू झाली. उघड्या जीपवर लाकडाची किंवा पत्र्याची बंद खोली चढवायची, मागे गवताचे भारे नाहीतर मेंढ्या भरायच्या आणि नदी ओलांडायची, हा तिथला नित्यक्रम झाला.

आइसलंडी भाषेत आज कुठल्याही चार चाकांना ताकद असलेल्या गाडीला 'येप्पी' म्हणतात. हा शब्द 'जीप'वरूनच आला. आपल्याकडेही नेमके हेच घडले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि 'जीप' हे व्यापारी नाव न राहता मराठीतले सामान्यनाम होऊन बसले. एकाच गाडीने जगाच्या दोन टोकांच्या दोन भाषांत घर केले.

पण या जीपला एक गोष्ट जमत नव्हती. मऊ बर्फ.

१४ सप्टेंबर १९५० रोजी लॉफ्टलेइडिर या आइसलंडी कंपनीचे 'गेसिर' नावाचे मालवाहू विमान लक्झेंबर्गहून परतताना वाटनायोकुल हिमनदीवरच्या बारदारबुंगा या उंचवट्यावर कोसळले. वाटनायोकुलचे आजचे क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर आहे. आपला कोल्हापूर जिल्हा जवळजवळ तेवढाच. सगळा जिल्हा शेकडो मीटर जाडीच्या बर्फाखाली गेला आहे अशी कल्पना करून पाहा. विमानातील सहाही जण वाचले. पण ते जिवंत आहेत हे जगाला कळायला चार दिवस लागले.

नंतर जे घडले ते माझ्या मते या इतिहासाचे खरे पहिले पान आहे. अमेरिकन हवाई दलाचे सी-४७ विमान पायांना स्की बांधून हिमनदीवर उतरले. उतरले खरे, पण पुन्हा उडेना. आता विमान नसलेल्यांच्या जोडीला विमान असूनही अडकलेले वैमानिक होते. अखेर आकुरेरी या उत्तरेकडच्या गावातून माणसे निघाली, हिमनदीच्या कडेपर्यंत गाड्यांनी आली आणि तिथून पुढे स्की घालून चालत वर गेली. सर्वजण पायीच खाली उतरले. अडकलेले सी-४७ पुढच्या वसंतात आइसलंडी लोकांनी बुलडोझर वर नेऊन उकरून काढले आणि उडवत रेक्याविकला आणले. ती कथा स्वतंत्र धाग्याची आहे.

आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच: १९५० साली चाकाची गाडी जिथे थांबली ती रेषा म्हणजे हिमनदीची कड. त्या रेषेपलीकडे मोटारगाडी निरुपयोगी होती.

मग पलीकडे काय चालत होते? पट्ट्यांची वाहने. युद्धात स्टुडबेकर कंपनीने बनवलेले एम-२९ 'वीझल' हे नॉर्वेच्या बर्फातील मोहिमेसाठी आखलेले छोटे वाहन युद्धानंतर आइसलंडमध्ये उरले होते. १९५० साली स्थापन झालेल्या तिथल्या हिमनदी संशोधन संस्थेच्या सफरी १९५० च्या दशकात याच वीझलांवर होत. वीझलचे रहस्य इंजिनात नव्हते. त्याचा जमिनीवरचा दाब होता दर चौरस इंचाला दोन पौंडांपेक्षाही कमी. बर्फ तेवढे सहन करतो. मात्र वीझल रस्त्यावर संथ, देखभालीला खर्चिक आणि घरच्या कामाला निरुपयोगी. रविवारी हिमनदीवर आणि सोमवारी दुधाच्या डेअरीवर जाईल असे वाहन कुणाकडेच नव्हते.

इथे एक पाऊल मागे, आणि बर्फातून वाळूत. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० आणि १९३० च्या दशकांत फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात फिरला. टायरमधील हवा कमी केली की गाडी वाळूत रुतत नाही, हे ज्यांनी प्रवासांतून पक्के केले त्यांत तो अग्रणी होता. १९४० मध्ये त्याने उभारलेल्या 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप'च्या शेवर्ले ट्रकांना रुंद टायर होते, त्यामागे हाच अनुभव होता. म्हणजे तत्त्व जुनेच. मग आइसलंडमध्ये १९५० साली कुणी जीपची हवा का सोडली नाही?

कारण जीपच्या टायरमध्ये सोडण्यासारखे काही नव्हते. आता कबूल केलेले अंकगणित.

टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. (टायरच्या भिंतीचा ताठरपणा थोडा भार उचलतो, तो सोडून देऊ.) माणसे, इंधन आणि सामान धरून गाडीचे वजन १,८०० किलो माना. नेहमीची २८ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो. चारही चाके मिळून जमिनीला टेकलेला भाग ९०० चौरस सेंटिमीटर, प्रत्येकी २२५. एका पोस्टकार्डापेक्षा जास्त.

बर्फावर तरंगायचे तर दाब हवा ०.२ किलोच्या घरात, पंक्चरवाल्याच्या भाषेत तीन पौंड हवा. म्हणजे प्रत्येक चाक २,२५० चौरस सेंटिमीटर टेकले पाहिजे. जीपचा मूळ टायर सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर रुंद. त्याला दीड मीटर लांबीचा ठसा उमटवावा लागेल आणि त्या टायरचा सबंध व्यासच सुमारे ७२ सेंटिमीटर! हवा सोडत गेलात तर तो रिमवर बसेल, पण बर्फावर तरंगणार नाही.

आता अडतीस इंच उंच आणि साडेपंधरा इंच रुंद टायर घ्या. रुंदी ३९ सेंटिमीटर. लागणारी ठशाची लांबी ५७ सेंटिमीटर. टायर नऊ-दहा सेंटिमीटर दबला की तेवढी मिळते. जमले!

सत्तर किलोचा माणूस चालताना एका बुटावर उभा असतो, तेव्हा तळव्याखालचा दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.३५ किलो. म्हणजे ज्या बर्फात माणूस गुडघाभर रुतेल त्यावरून पावणेदोन टनांची गाडी पृष्ठभागावर राहून जाऊ शकते. हे वाक्य मला अजूनही पटायला जड जाते, पण गणित सरळ आहे.

हे टायर बनवले कुणी? आइसलंडने नाही. अमेरिकेत चिखलात आणि वाळवंटात गाड्या घालणाऱ्या हौशी लोकांसाठी रुंद, मऊ टायर तयार होत होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० च्या दशकात ते आइसलंडमध्ये पोचले आणि चिखलासाठी घडवलेली वस्तू तिथे हिमनदीची चावी ठरली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार दिसते: वस्तू एकीकडे जन्मते आणि तिचा अर्थ दुसरीकडे सापडतो.

पण टायर विकत घेणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग. जुन्या गाडीवर तो बसवणे ही शस्त्रक्रिया आहे, आणि आजच्या रील्समध्ये नेमकी हीच बाजू गाळलेली असते.

जीपच्या मूळ टायरचा व्यास साडेअठ्ठावीस इंच आणि नवा अडतीस. हे गुणोत्तर ३ ला ४. हे एवढे एक लक्षात ठेवा, बाकी सारे त्यातून येते. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, अंतर नाही. म्हणून तो ६० दाखवील तेव्हा गाडी ८० ने धावत असते. चाकाची त्रिज्या वाढली की इंजिनाचा तोच पीळ जमिनीवर तीन चतुर्थांशच जोर लावतो. साठ अश्वशक्तीच्या गाडीची पंधरा अश्वशक्ती कुणी चोरून नेलेली नाही, पण चढावर वाटते तसेच. ब्रेकचेही तेच: तेवढ्याच ब्रेकने जमिनीवर तीन चतुर्थांश रोध. शिवाय टायर जड, त्यामुळे थांबवायचे वजनही फिरते आणि अधिक.

म्हणून डिफरन्शियलचे दाते बदलावे लागतात. लष्करी जीपचे प्रमाण ४.८८ ला १ होते. पूर्वीचा जोर हवा तर ते ६.५ च्या आसपास न्यायला हवे. दातेरी चाकांच्या घरात तेवढी जागा असेलच असे नाही. मग आइसलंडच्या गॅरेजांनी दुसरी वाट काढली: गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक हळू गिअर जोडायचा, जेणेकरून गाडी माणसाच्या चालीपेक्षाही मंद, पण न थांबता सरकत राहील. मऊ बर्फात थांबणे म्हणजे रुतणे.

टायर आत मावत नाही म्हणून मडगार्ड कापायचे, पाटे उंच करायचे, एक्सल पुढे-मागे सरकवायचा, बाहेर आलेल्या चाकावर फायबरची झालर लावायची. रिम रुंद हवी, तर जुनी लोखंडी रिम उभी चिरून मधे पट्टी डाग द्यायची. तीन पौंड हवेत टायरची कड रिमवरून निसटते. ती चिकटवायची किंवा रिमला आतून उंचवटा काढायचा. आणि तरीही हिमनदीच्या मध्यावर निसटलीच तर तिथले लोक टायरमध्ये थोडे ज्वालाग्राही द्रव फवारून काडी लावतात. स्फोटाने कड पुन्हा जागेवर बसते. (हे घरी करून पाहू नये. रस्त्यावर तर मुळीच नाही.)

जुनीच गाडी का, याचे उत्तर यातच आहे. शिडीसारखी चौकट, अखंड एक्सल, पाट्यांचे सस्पेन्शन: जुन्या जीपमध्ये सारे उघडे आणि कापता येण्याजोगे. नव्या गाड्या जितक्या आरामदायी होत गेल्या तितक्या त्या बदलाला कमी दाद देऊ लागल्या. कंपनीने 'पूर्ण' केलेल्या वस्तूला गावातला कारागीर अपूर्ण मानतो, हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा क्षण आहे.

साहजिकच राज्यसंस्थेला प्रश्न पडला. कापलेल्या, उंचावलेल्या, ब्रेक अपुरे पडलेल्या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर चालू द्यायच्या का? १९८३ मध्ये आइसलंडमध्ये चारचाकी सफरकऱ्यांचा 'फेर्डाक्लुब्बुरिन ४×४' हा क्लब स्थापन झाला आणि या गाड्यांच्या नियमांबाबत चालकांची बाजू मांडू लागला. पुढे देशाने मान्य केलेली वाट अशी: बदल करा, पण गाडी बदललेली म्हणून नोंदवा आणि तपासून घ्या. सोबत दुसरा, अधिक कडक नियम: उघड्या जमिनीवर रस्ता सोडून गाडी घालण्यास बंदी. शेवाळावर उमटलेले चाकोरे तिथे दशकानुदशके बुजत नाहीत. हिमनदीवर किंवा गोठलेल्या, बर्फाने झाकलेल्या जमिनीवर मात्र परवानगी. टायर तोच, एका ठिकाणी तो खूण ठेवत नाही, दुसऱ्या ठिकाणी तो गुन्हा ठरतो.

भारताने वेगळी वाट धरली. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडकाठी करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे उचलून धरले. मला हा नियम तत्त्वतः चुकीचा वाटत नाही. ३ ला ४ चे गणित ब्रेकला लागू आहे आणि आपल्या घाटांत समोरून एसटी येत असते. आइसलंडी मुभेमागे तपासणीची जी यंत्रणा आहे ती नसताना नुसती मुभा मागणे अप्रामाणिक ठरेल. पण सरसकट मनाई केली की गॅरेजमधले ज्ञानही चोरटे होते, हेही नोंदवायला हवे.

आणि या टायरने सारे धोके मिटवले असेही समजू नका. दाब कितीही कमी असला तरी बर्फाच्या पातळ पुलाखाली खोल भेग असू शकते, तिथे गाडी जातेच. पण १९५० ची ती रेषा पुसली गेली. आइसलंडच्या स्वयंसेवी बचाव पथकांकडे आज अशाच गाड्या आहेत. हिवाळी वादळात ज्या कड्यापासून आकुरेरीची माणसे चालू लागली होती, तिथे आता चालक उतरतो तो फक्त हवा सोडण्यासाठी.

हे कसब पुढे बेटाबाहेर गेले. १९९० मध्ये टोयोटाच्या आइसलंडमधील विक्रेत्यांच्या छत्राखाली सुरू झालेल्या 'आर्क्टिक ट्रक्स'ने त्याला व्यवसायाचे रूप दिले. २००७ मध्ये 'टॉप गिअर'ने उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या दिशेने नेलेली हायलक्स त्यांचीच. तो भाग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

त्यापेक्षा आपल्या जवळची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये भारताची पहिली वैज्ञानिक मोहीम दक्षिण ध्रुवाकडे निघाली. नेते होते रसिक रवींद्र, गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व सागरी संशोधन केंद्राचे तत्कालीन संचालक. अंटार्क्टिकावरील 'मैत्री' तळापासून ध्रुव सरळ रेषेतही दोन हजार किलोमीटरांहून लांब. आठ जणांचे हे पथक २२ नोव्हेंबर २०१० रोजी तिथे पोचले, ते आइसलंडमध्ये घडवलेल्या आर्क्टिक ट्रक्सच्या गाड्यांतून, मोठ्या टायरांवर.