चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची

गोंदिया जिल्ह्यातला धानउत्पादक शेतकरी ट्रॅक्टर कंपनीचा घेतो, पण ट्रॉली जवळच्या वर्कशॉपमध्ये बांधून घेतो. लांबी किती, फाळका कुठून उघडायचा, रंग कोणता, हे तोच सांगतो. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकात मोटार घेतली तीही अशीच. इंजिन आणि चासी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. दोघांच्या पैशांत जमीन-अस्मानाचं अंतर, पण रीत एकच आणि ती मोटारीहून कितीतरी जुनी.

गोंदियाच्या या झाडीपट्टीत माल वाहायला खासर ही बैलगाडी असे आणि माणसं न्यायला हलकी रेंगी. चाकाचा तुंबा आणि आरे सुताराचे, वर चढणारी लोखंडी धाव लोहाराची. तुंब्याला बाभूळ, आखाला धावडा, चाकाला तिवस असं लाकूडही काम पाहून निवडलेलं. आख-चाकं खाली आणि साटा वर, दोन्हींचा हिशेब वेगळा. युरोपातल्या बग्ग्यांच्या कारखान्यांतही कामाची वाटणी याच धर्तीवर होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोटार आली, तेव्हा इंजिन करणाऱ्यांना बैठक बांधता येत नव्हती. ते काम बग्गीवाल्यांकडेच गेलं. मद्रासची सिम्पसन कंपनी १८४०पासून बग्ग्या बांधत होती, ती पुढे मोटारींकडे वळली. रोल्स-रॉइस तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत गिऱ्हाइकाला नुसती चासीच विकत असे. बॉडी कोणाकडून बांधायची ते गिऱ्हाइकाने ठरवायचं.

ती बांधायची पद्धत अशी. आधी खऱ्या मापाचं चित्र. मग अ‍ॅश नावाच्या लवचीक लाकडाचा सांगाडा. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पत्रा. पत्रा वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकून फुगवायचा, दोन चाकांच्या यंत्रात फिरवून गुळगुळीत करायचा, सांगाड्यावर लावून बघायचा, परत ठोकायचा. मडगार्ड दोन-तीन तुकड्यांचं असलं तर जोड गॅसने वितळवून असा घासायचा की बोट फिरवूनही कळू नये. शेवटी रंगाचे हात, आणि दर दोन हातांमध्ये घासणी. साचा नसल्यामुळे दुसरी गाडी हुबेहूब तशी होत नसे.

त्या काळच्या गाड्यांचं रूप मात्र निव्वळ हौसेतून आलेलं नाही. ड्यूसेनबर्गचं इंजिन एका रांगेत आठ सिलिंडरांचं, म्हणून बॉनेट लांब. ते पुढच्या आखाच्या मागे बसवलेलं, म्हणून पुढचं चाक दारापासून दूर. चासीचे दोन दांडे चाकांच्या आत, म्हणून मडगार्ड सुटी आणि मधली बॉडी अरुंद. होळकरांच्या गाडीसाठी गर्नी नटिंगचा रेखाकार ए. एफ. मॅकनील याने एवढ्या लांब चासीवर दोघांपुरतीच बॉडी रेखाटली. रंग काळा आणि नारिंगी. होळकरांनी आपला माणिकबाग महालही जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून असाच आपल्या पसंतीने बांधून घेतला होता.

ही परंपरा खुंटली ती बॉडी आणि चासी एक झाल्यामुळे. १९२२च्या लान्चिया लॅम्ब्डाने सुरुवात केली, १९३४च्या सित्रोएन ट्रॅक्शन अव्हांने ती पद्धत मोठ्या उत्पादनात आणली. अशा बॉडीचा पत्रा दाबून घडवणाऱ्या प्रेसचे साचे इतके महाग की ते हजारो गाड्यांवरच परवडतात. युद्धानंतर बॉडी बांधणारी घराणी एकामागून एक बंद पडली.

ट्रकांत मात्र बॉडी अजून वेगळीच राहिली. आजही कंपनी चासी देते आणि बॉडी दुसरीकडे बांधली जाते. म्हणून गोंदियात कुणाला जुन्या घाटाची एकच मोटार बांधायची झाली, तर पत्रा वळवणारा डेंटर आणि वेल्डर शोधायला लांब जावं लागणार नाही. अडचण चासीची. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं आणि पुढचं चाक दाराला खेटून. त्यावर लांब बॉनेट चढवलं तरी सोंग उघडं पडतं. महिंद्रा बोलेरोसारखी शिडीच्या आकाराची चासी आणि उभं इंजिन हवं.

दुसरी अडचण कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. २०२१च्या व्हिंटेज नियमांचा आधारही नाही. ते पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहेत. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी गाडी गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण ती नियमात बसत नाही हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो दिली.

ट्रॉलीवाल्याचं आणि होळकरांच्या कारागिराचं कसब एकाच कुळातलं आहे. मोटारीला मात्र रस्त्यावर यायचं तर कसबाआधी मंजुरी लागते. म्हणून अशी गाडी बांधणाऱ्याने पहिला कागद आरटीओचा बघावा, मग चित्राचा.