किंडरची पायपीट, १९३२

शाळेच्या सहलीची आखणी आठवते ना? पालकांची सही, डबा, एसटी. इंग्लंडमधल्या एका सहलीच्या आखणीत मात्र पोलिसांना चुकवणेही आले होते.

मँचेस्टर आणि शेफील्ड या कारखान्यांच्या शहरांमध्ये किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचे पठार आहे. वर झुडपांचे ओसाड, दलदलीचे माळरान, खाली ओढ्यानद्यांची खोरी. कामगारांना रविवारी तिथे भटकायचे असे. पण जमीनदारांनी माळ ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला.

बेनी रॉथमन हा २० वर्षांचा मेकॅनिक. त्याने आणि सोबत्यांनी २४ एप्रिल १९३२ हा दिवस ठरवला, पत्रके वाटली, वर्तमानपत्रालाही कळवले! पोलीस रेल्वे स्टेशनवर टपून बसले. हा सायकलने हेफील्ड गावी पोहोचला. गावच्या मैदानात सभेला मनाई, म्हणून सगळे दगडाच्या खाणीत जमले. सुमारे ४०० जण विल्यम क्लफच्या घळीतून वर निघाले. राखणदारांशी झटापट झाली, तरी वर एडेल खोऱ्यातून आलेली शेफील्डची तुकडी भेटलीच.

पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. माझ्या मते जमीनदारांना ही शिक्षाच महागात पडली. ज्यांना असली घुसखोरी पसंत नव्हती, असे भटकेही त्यामुळे चिडले. १९५१ मध्ये हा प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. माळरानावर मोकळे फिरण्याचा कायदा यायला मात्र २००० साल उजाडले. २००२ मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.